पहिला स्लॅब टाकताना: आजचे सिमेंट, क्रश सँड आणि आरएमसी कसे हाताळावे

स्लॅब टाकणे हे मिस्त्रीचे काम, त्यात आपण काय बघायचे, असे बहुतेक घरमालकांना वाटते. पण मिस्त्रीचा हात बसला तो वीस-तीस वर्षांपूर्वीच्या मालावर. तेव्हा गोणीत बहुधा निव्वळ ओपीसी (राख-स्लॅग न मिसळलेले साधे पोर्टलँड सिमेंट) असायचे आणि वाळू नदीची. आज दुकानात मागितले तर हातात पडते ते वीजकेंद्राची राख किंवा पोलाद कारखान्याचा स्लॅग (भट्टीतली मळी) मिसळलेले सिमेंट, वाळूच्या जागी दगड फोडून केलेली क्रश सँड येते आणि तालुक्याच्या गावापर्यंत आरएमसीच्या, म्हणजे प्लँटवर तयार केलेल्या काँक्रीटच्या, गाड्या पोचल्या आहेत. हा माल वाईट नाही. नीट वापरला तर जुन्यापेक्षा टिकाऊ काँक्रीट देतो. मात्र त्याला ओतण्याआधी पाणी कमी लागते, ओतल्यानंतर पाणी जास्त दिवस लागते आणि टेकू काढायला थोडा धीर लागतो. साइटवरची सवय नेमकी याच्या उलट असते. बहुतेक गळके, भेगाळलेले स्लॅब इथेच बिघडतात.

पुढच्या पायऱ्या साध्या एक-दोन मजली घराच्या स्लॅबसाठी आहेत. स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये वेगळे काही लिहिले असेल तर ड्रॉइंगच खरे.

१. जवळ काय काय हवे

कागद: इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचे स्ट्रक्चरल ड्रॉइंग (काँक्रीटचा ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा, कव्हर म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटची जाडी, सळ्यांचे अंतर लिहिलेले), बांधकाम परवानगी, मिक्स डिझाइनचा (सिमेंट, वाळू, खडी, पाणी यांचे लॅबने ठरवलेले प्रमाण) रिपोर्ट, सिमेंट आणि सळईचे बिल व टेस्ट सर्टिफिकेट. आरएमसी घेणार असाल तर प्रत्येक गाडीचे चलन आणि बॅच रिपोर्ट (गाडीत काय किती किलो भरले त्याचा कागद). सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात तेवढाच लागला आहे ना, हे पाहून घ्या.

साहित्य: १५० मिमीचे क्यूब मोल्ड (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे भरण्याचे साचे; किमान सहा, बारा मिळाले तर उत्तम), स्लंप कोन (काँक्रीट किती सैल आहे ते मोजायचा) आणि त्याची सळई, लिटरच्या खुणा असलेली बादली, वजनकाटा, दोन व्हायब्रेटर, कव्हर ब्लॉक, प्लास्टिकचा मोठा कागद आणि गोणपाट. क्यूब मोल्ड व कोन टेस्टिंग लॅबकडून भाड्याने मिळतात.

२. गोणी वाचा

चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांवर भाजली की क्लिंकरचे गोळे होतात. ते जिप्सम घालून दळले की ओपीसी. चुनखडी फुटताना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका टन क्लिंकरमागे हा वायू अर्ध्या टनाहून थोडा जास्त भरतो, भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. म्हणून क्लिंकर कमी करून त्या जागी औष्णिक वीजकेंद्राची राख, पोलाद कारखान्याचा स्लॅग किंवा भाजलेली माती घालण्याकडे सगळ्या उद्योगाची वाटचाल चालू आहे. चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात चुनखडी आणि कोळशावरची वीजकेंद्रे जवळजवळ असल्याने राखेचे सिमेंट आपल्याकडे स्वाभाविकच जास्त दिसते.

गोणीवर मानकाचा आकडा छापलेला असतो. तो असा ओळखा:

- आयएस २६९: ओपीसी ४३ किंवा ५३.
- आयएस १४८९ भाग १: पीपीसी, म्हणजे राखेचे सिमेंट. यात १५ ते ३५ टक्के राख असते.
- आयएस ४५५: पीएससी, म्हणजे स्लॅग सिमेंट. स्लॅग २५ ते ७० टक्के.
- आयएस १६४१५: कंपोझिट सिमेंट. राख आणि स्लॅग दोन्ही.
- आयएस १८१८९: भाजलेली माती आणि चुनखडीचे सिमेंट, ज्याला एलसी३ म्हणतात. याचे भारतीय मानक २०२३ मध्ये आले.

एलसी३ हे यातले सर्वांत नवे. त्याच्या मूळ सूत्रात ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असते. माती भाजायला ७०० ते ८५० अंश पुरतात आणि तिच्यातून चुनखडीसारखा कार्बन डायऑक्साइड निघत नाही. स्वित्झर्लंडच्या लोझान येथील तंत्रविद्यापीठात कॅरन स्क्रिव्हनर यांच्या नेतृत्वाखाली, क्यूबा आणि आपल्या आयआयटींसोबत हे काम उभे राहिले. राखेच्या सिमेंटच्या मानाने ते लवकर ताकद धरते, पण भाजलेली माती फार बारीक असल्याने काँक्रीट चिकट आणि घट्ट वाटते. तेव्हा पाणी न वाढवता सुपरप्लास्टिसायझर (काँक्रीट सैल करणारे रसायन) वापरावा लागतो. मातीत लोह असेल तर काँक्रीटला तांबूस छटा येते; त्यात काही बिघाड नाही. मिक्स डिझाइन मात्र याच सिमेंटवर वेगळे करून घ्या, पीपीसीचा जुना रिपोर्ट चालवू नका.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. पीपीसीच्या मानकात २८ दिवसांची ताकद किमान ३३ मेगापास्कल (एका चौरस मिमीवर पेलणारा भार, न्यूटनमध्ये) लिहिली आहे आणि ओपीसी ५३ ची ५३. त्यावरून "पीपीसी कमजोर, स्लॅबला ५३ च पाहिजे" असे ठामपणे सांगितले जाते. हे आकडे सिमेंट आणि प्रमाणित वाळूच्या छोट्या क्यूबवरचे, तेही किमान मर्यादेचे आहेत. तुमच्या काँक्रीटचा ग्रेड मिक्स डिझाइन ठरवते. पीपीसी वापरून एम २५, एम ३० (म्हणजे २८ दिवसांत २५, ३० मेगापास्कल ताकदीचे काँक्रीट) सहज होते. फरक वेगाचा आहे. क्लिंकर पाण्याशी मिसळला की ताकद देणारा चिकट पदार्थ तयार होतो आणि सोबत चुना सुटतो. राख त्या सुटलेल्या चुन्याशी सावकाश, आठवडे-महिने प्रतिक्रिया करत राहते आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रे भरते. त्यामुळे पाणी आणि क्षार आत शिरायला जागा कमी उरते. कोकणात, खाडीकाठी किंवा खारपाणपट्ट्यात पीपीसी अथवा स्लॅग सिमेंट घ्यावे असे सांगतात ते याच कारणाने. पण ही प्रतिक्रिया ओलाव्यावर चालते. काँक्रीट वाळले की ती थांबते आणि राख नुसती भर म्हणून पडून राहते. पुढची नववी पायरी याचसाठी सर्वांत महत्त्वाची आहे.

गोणी घेताना तीन गोष्टी बघा. आयएसआय चिन्हाजवळचा सीएम/एल क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून परवाना चालू आहे का ते तपासा. सिमेंट भरल्याचा आठवडा किंवा महिना आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी स्लॅबला लावू नका, ती पुन्हा तपासल्याशिवाय भरवशाची नाही. आणि एका स्लॅबमध्ये दोन जातींचे सिमेंट मिसळू नका. अर्धा स्लॅब ओपीसीचा आणि अर्धा पीपीसीचा झाला की सुकण्याचा, टेकू काढण्याचा हिशेब कुणालाच लावता येत नाही.

साठवण करताना खाली फळ्या, वर ताडपत्री, भिंतीपासून दोन फूट अंतर आणि थर दहा गोण्यांपेक्षा उंच नको. पावसाळ्यात गोणीच्या कडेला बोटाने दाबल्यावर न फुटणारे खडे लागले तर ती गोणी बाजूला काढा.

३. क्रश सँड आणि खडी

वाळू-खडीच्या मानकात, म्हणजे आयएस ३८३ मध्ये, दगडाच्या वाळूला रीतसर जागा आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही कृत्रिम वाळूचे धोरण आणले. नदीची वाळू मिळवण्याच्या मागे लागण्याची गरज उरलेली नाही. मात्र क्रशरवर 'वाळू' या नावाने दोन वेगळ्या वस्तू मिळतात. व्हीएसआय मशीनवर दाणा गोलसर करून, धुऊन किंवा हवेने चाळून काढलेली ती क्रश सँड. खडी फोडताना खाली पडणारा चुरा तो डस्ट किंवा ग्रीट. डस्ट स्वस्त पडते, पण दाणे चपटे-टोकदार आणि पीठ फार. तिला पाणी जास्त लागते. स्लॅबच्या काँक्रीटसाठी डस्ट घेऊ नका.

क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालचे पीठ १५ टक्क्यांपर्यंत चालते, नदीच्या वाळूला ती मर्यादा ३ टक्के आहे. दगडाचे पीठ काँक्रीटला भरीवपणा देते म्हणून ही सवलत. खरी अडचण मातीची आहे. खाणीच्या वरच्या थरातली पिवळसर माती त्यात आली की सिमेंट दाण्याला धरत नाही. मूठभर ओली वाळू तळहातावर चोळून बघा. दगडाचे पीठ करडे असते आणि पाण्याने लगेच निघून जाते, माती बोटांच्या रेषांमध्ये चिकटून राहते. शंका आली तर लॅबमध्ये मिथिलीन ब्लू चाचणी (मातीचे प्रमाण दाखवणारी) करून घ्या.

खडी २० मिमी आणि १० मिमी, मिक्स डिझाइनमध्ये लिहिलेल्या प्रमाणात. नुसती २० मिमी टाकली तर सळ्यांच्या जाळीत अडकते आणि खाली पोकळी राहते.

४. किती माल लागेल

एक हिशेब करून बघू. १००० चौरस फूट म्हणजे ९२.९ चौरस मीटर. स्लॅब १२५ मिमी जाड, तर ११.६ घनमीटर. बीम एकूण ४० मीटर लांब, २३० मिमी रुंद आणि स्लॅबच्या खाली ३०० मिमी उतरलेले असतील तर आणखी २.८ घनमीटर. बेरीज १४.४, सांडलवंड धरून १५ घनमीटर मागवा.

घनमीटरला ३२० किलो सिमेंट धरले तर ५० किलोच्या ९६ गोण्या लागतात. क्रश सँड सुमारे अडीच ब्रास, खडी चार ते सव्वाचार ब्रास. ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीच्या हौद्यात माल उतरण्यापूर्वी लांबी-रुंदी-उंची टेपने मोजा. सिमेंटचा नेमका आकडा मिक्स डिझाइनमधून घ्या. घर आतल्या भागात असेल तर आयएस ४५६ (काँक्रीटच्या बांधकामाचे मानक) प्रमाणे साधारण एम २० ते एम २५ पुरतो. समुद्राच्या हवेत उघडे काँक्रीट असेल तर किमान एम ३० आणि ४५ मिमी कव्हर, आणि लाटांचा शिंतोडा पोचत असेल तर एम ३५ आणि ५० मिमी.

१:१.५:३ सारखे ठरावीक प्रमाण फक्त एम २० पर्यंतच मान्य आहे. एम २५ लिहिले असेल आणि ठेकेदार घमेली मोजून एम २५ करतो म्हणाला, तर ते एम २५ नाही.

५. साइटवर मिक्सर लावायचा की आरएमसी

आठ-दहा घनमीटरपेक्षा जास्त काँक्रीट असेल, गाडी साइटपर्यंत येत असेल आणि प्लँट तासाभराच्या अंतरात असेल तर आरएमसी घ्या. वजन करून भरलेला माल घमेल्यांपेक्षा केव्हाही चांगला. गल्ली अरुंद किंवा काम थोडे असेल तर मिक्सर-लिफ्ट.

मिक्सर लावणार असाल तर वाळू-खडीसाठी घमेल्यांऐवजी ३५ लिटरचा पत्र्याचा फर्मा करून घ्या, म्हणजे एका गोणी सिमेंटचे माप. ओली वाळू फुगते, त्यामुळे एकाच फर्म्यात ओली वाळू कमी भरते. इंजिनिअरकडून फुगवट्याची दुरुस्ती करून घ्या. प्रत्येक घाणा मिक्सरमध्ये किमान दोन मिनिटे फिरला पाहिजे. लिफ्टची घाई असते म्हणून अर्ध्या मिनिटात घाणा ओतला जातो. करड्या रंगात पांढुरके पट्टे दिसले तर तो घाणा कच्चा आहे, परत फिरवायला सांगा.

आरएमसीची ऑर्डर देताना हे लेखी द्या: ग्रेड, सिमेंटची जात आणि घनमीटरला किलो, पाणी-सिमेंट प्रमाण, खडीचा कमाल आकार, साइटवरचा स्लंप (पंपाला १०० ते १५० मिमी), एकूण घनमीटर आणि दोन गाड्यांमधले अंतर. नुसते "एम २५ पाठवा" म्हटले तर राख किती घालायची, हे प्लँट ठरवतो. प्लँटवर ओपीसीमध्ये राख वेगळी घालतात तेव्हा तिचेही किलो विचारा. पीपीसी वापरून वर आणखी राख घातली असेल तर ते काँक्रीट फारच सावकाश धरते.

गाडी आली की:

- चलनावरची भरल्याची वेळ बघा. आयएस ४९२६ प्रमाणे भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट करणारे रसायन) घालून जास्त वेळ ठरवला असेल तर तसे चलनावर लिहिलेले असावे.
- बॅच रिपोर्ट आणि तुमची ऑर्डर शेजारी धरून सिमेंटचे किलो जुळवा.
- मापाची शंका असेल तर एखादी गाडी धर्मकाट्यावरून आणा. एक घनमीटर ताजे काँक्रीट सुमारे २४०० ते २५५० किलो भरते. सहा घनमीटरच्या गाडीत निव्वळ माल १४ टनांच्या आत असेल तर प्रश्न विचारा.
- पंपाची पाइपलाइन ओली करायला आधी सिमेंटचे पातळ पाणी सोडतात. ते स्लॅबच्या कोपऱ्यात किंवा कॉलमवर ओतू देऊ नका, पिंपात घेऊन बाहेर टाका. ते जिथे पडते तिथले काँक्रीट कायमचे कच्चे राहते.

६. ओतण्याच्या आदल्या दिवशी

सेंट्रिंगच्या प्लेटांमधल्या फटी टेप लावून बंद करा. फटीतून सिमेंटचे पाणी निघून गेले की खाली खडी उघडी पडते. टेकू ओळंब्यात हवेत. तळमजल्यावर नव्या मुरुमाच्या भरावावर टेकू उभे असतील तर खाली रुंद फळ्या टाका, नाहीतर पाणी पडल्यावर भराव बसतो आणि ओला स्लॅब मधोमध खचतो.

कव्हर ब्लॉक काँक्रीटचे किंवा चांगल्या प्रतीचे तयार घ्या. खडीचा तुकडा, फरशीची कपची चालणार नाही. स्लॅबच्या खालच्या जाळीला किमान २० मिमी, बाहेर उघडा भाग असेल तर ३० मिमी.

सर्वांत जपायची जागा म्हणजे बाल्कनी आणि छज्जा. तिथे मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात. १२५ मिमीच्या बाल्कनीत त्या तळापासून १०० मिमीवर बांधलेल्या आहेत असे समजा. काँक्रीट ओतणारे लोक त्यावरून चालले आणि सळ्या ३० मिमी दबल्या, तर कामाची खोली १०० ची ७० झाली. बाल्कनीची ताकद जवळजवळ तीस टक्के गेली आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून तिथे दर दोन-अडीच फुटांवर सळईच्या खुर्च्या हव्यात आणि चालायला वेगळ्या फळ्या. ओतताना एक माणूस फक्त या सळ्या वर आहेत का हे बघायला उभा करा.

विजेचे पाइप खालच्या आणि वरच्या जाळीच्या मधून न्यावेत, गठ्ठा करून नव्हे. चार-पाच पाइप एकमेकांना चिकटून गेले की त्यांच्या रेषेत हमखास भेग पडते.

७. पाणी

काँक्रीट बिघडवणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर वाढीव पाण्याचा. एम २५ चे पाणी-सिमेंट प्रमाण ०.५० असेल तर एका गोणीला एकूण २५ लिटर पाणी. एकूण म्हणजे वाळूतली ओल धरून. ती ओल अशी मोजा: ढिगाच्या आतून ५०० ग्रॅम वाळू घ्या, तव्यावर पूर्ण कोरडी करा, पुन्हा वजन करा. ४७२ ग्रॅम भरली तर २८ ग्रॅम पाणी, म्हणजे सुमारे ६ टक्के ओल. त्यातले साधारण २ टक्के दाणा स्वतः शोषून धरतो, उरलेले ४ टक्के मोकळे. एका गोणीसोबत ११७ किलो वाळू जात असेल तर हे मोकळे पाणी ४.७ लिटर होते. मग मिक्सरमध्ये ओतायचे फक्त २० लिटर. सवयीने २५ ओतले तर प्रमाण ०.५९ वर जाते आणि ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. वर हे जास्तीचे पाणी उडून गेल्यावर मागे राहणारी छिद्रे पावसाळ्यात गळतीची वाट बनतात.

उन्हाळ्यात उलट होते. कडक वाळलेली खडी आणि वाळू पाणी पिऊन घेतात आणि काँक्रीट झपाट्याने घट्ट होते. आदल्या संध्याकाळी खडीच्या ढिगावर पाणी मारून ठेवा.

क्रश सँडचे काँक्रीट फावड्याला जड लागते, म्हणून मजूर पाणी मागणारच. त्यांना दोष देऊ नका, त्यांना सोय करून द्या. ती सोय म्हणजे प्लास्टिसायझर किंवा सुपरप्लास्टिसायझर, आयएस ९१०३ चा शिक्का असलेला. डोस डब्यावर दिलेला. सुपरप्लास्टिसायझरची वरची मर्यादा सिमेंटच्या वजनाच्या २ टक्के. एका गोणीला ३०० ते ४०० मिलिलिटरच्या आसपास पुरतो, तोही आधी चाचणी घाणा करून. अंदाजाने ओतला तर खडी खाली आणि पाणी वर असे काँक्रीट फाटते.

पाण्याच्या जातीबद्दलही. आरसीसीसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि पीएच ६ च्या खाली नको. अकोला, अमरावती, बुलढाणा भागातला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा किंवा किनाऱ्यालगतची विहीर-बोअर असेल तर पाणी आधी लॅबला द्या. खाऱ्या पाण्याने सळई आतून गंजते आणि काही वर्षांनी स्लॅबची पापडी खाली पडू लागते. क्युरिंगलाही (ओतल्यानंतर काँक्रीट ओले ठेवायलाही) तेच पाणी वापरू नका.

स्लंप तपासायला ३०० मिमी उंच कोन भरा, वर उचला आणि काँक्रीट किती मिलिमीटर बसले ते मोजा. १२० मागितले आणि १९० आले तर ती गाडी उतरवू नका. ६० आले तर ड्रायव्हरला पाण्याचा पाइप लावू देऊ नका. प्लँटच्या तंत्रज्ञाने अ‍ॅडमिक्श्चर घालून ड्रम वेगात फिरवावा आणि पुन्हा स्लंप घ्यावा.

८. ओतण्याचा दिवस

एप्रिल-मेमध्ये पहाटे सुरुवात करा किंवा दुपार ढळल्यावर. लांबच्या टोकाकडून दाराकडे या. आधी बीम भरा, मग स्लॅब. व्हायब्रेटरची ४० मिमीची सुई उभी घाला, साधारण एकेका फुटावर, बुडबुडे थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद, आणि हळू बाहेर काढा. सुईने काँक्रीट पुढे ढकलू नका. नुसते पीठ पुढे जाते, खडी मागे राहते. बीम आणि कॉलमच्या सांध्यात सळ्यांची दाटी असते, पोकळी तिथेच राहते, तिथे वेळ द्या. वीज गेली तर पेट्रोलवरचा व्हायब्रेटर हाताशी हवा.

गाडी अडकली, पाऊस आला आणि थांबावेच लागले तर गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) मधल्या तिसऱ्या भागात, उभी फळी लावून सरळ कडा काढा. कॉलमच्या तोंडाशी किंवा बाल्कनीच्या मुळाशी कधीही थांबू नका.

पीपीसी, क्रश सँडचे पीठ आणि सुपरप्लास्टिसायझर असलेल्या काँक्रीटवर पाणी कमी सुटते. वर वारा आणि ऊन असले की पहिल्या दोन-चार तासांतच पृष्ठभाग आकसतो आणि हातभर लांबीच्या तिरक्या भेगा दिसू लागतात. सपाट करून झाले की लगेच प्लास्टिक अंथरा. भेगा दिसल्याच तर काँक्रीट अजून बोटाने दबते आहे तोवर पुन्हा थापी मारून त्या मिटवा. वर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटणे बंद करा; त्याची पापडी सुटते आणि आतले पाणी तसेच राहते.

क्यूब: ६ ते १५ घनमीटरला दोन नमुने. एका नमुन्यात सहा क्यूब भरा, तीन ७ दिवसांसाठी आणि तीन २८ दिवसांसाठी. पंपाच्या तोंडाशी, साइटवरच भरा. चोवीस तासांनी काढून पाण्याच्या टाकीत ठेवा, गच्चीवरच्या उन्हात नको. प्रत्येकावर तारीख, गाडीचा क्रमांक आणि स्लॅबचा भाग लिहा.

९. पाणी मारणे: चौदा दिवस धरा

आयएस ४५६ प्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस आणि राख-स्लॅगच्या सिमेंटला किमान १० दिवस ओल हवी. हवा कोरडी आणि गरम असेल तर ओपीसीला १० आणि मिश्र सिमेंटला १४. आपल्याकडे पावसाळा सोडला तर हवा बहुतेक वेळा कोरडीच असते, म्हणून चौदाच धरा. ठेकेदाराशी करार करतानाच हे दिवस आणि पाण्याची जबाबदारी लिहून घ्या.

पहिल्या संध्याकाळी ओले गोणपाट. दुसऱ्या सकाळी गाऱ्याचे आळे करून दोन इंच पाणी उभे करा. गारा कमी सिमेंटचा ठेवा, नंतर खरडून निघतो. काळ्या मातीचे आळे करू नका, ती वाळून फुटते आणि डागही पडतात. रोज सकाळी फिरून बघा, एखादे आळे रात्रीतून रिकामे झालेले असते. रिकामे झालेल्या आळ्याखाली भेग किंवा पोकळी आहे का ते खालून प्लेटांवर ठिबक शोधून तपासा आणि जागेवर खूण करून ठेवा.

दिवसातून दोनदा नळी मारणे म्हणजे क्युरिंग नव्हे. सकाळचे पाणी अकरापर्यंत उडते आणि दुपारभर काँक्रीट कोरडे राहते. बीमच्या बाजू, बाल्कनीची कड, कॉलम यांना आळे करता येत नाही. तिथे गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक बांधा आणि गोणपाट ओले ठेवा.

१०. टेकू कधी काढायचे

आयएस ४५६ मधले दिवस असे आहेत: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी. बीमचे सहा मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. हे दिवस ओपीसीसाठी आहेत, तेही तापमान १५ अंशांखाली जात नसेल तेव्हा. सेंट्रिंगवाला सातवा दिवस धरून येतो, कारण प्लेटा दुसऱ्या साइटवर लागायच्या असतात. पीपीसी किंवा कंपोझिट सिमेंट असेल तर लहान गाळ्यालाही दहा दिवसांच्या आत हात लावू देऊ नका आणि बीमला २१ दिवस धरा. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, निफाड, विदर्भात रात्री थंडी उतरते तेव्हा आणखी काही दिवस जोडा. शेवटचा शब्द इंजिनिअरचा, आणि त्याला तो ७ दिवसांच्या क्यूबवरून देता येतो.

टेकू मधून सुरू करून आधाराकडे काढत जावेत. बाल्कनी-छज्ज्याचे मात्र मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे, आणि सर्वांत शेवटी. वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा असेल तर खालच्या स्लॅबचे टेकू परत लावून घ्या. ओल्या स्लॅबचे वजन आधी खालच्यावरच येते. आणि टेकू काढण्याआधी स्लॅबवर विटांचे चट्टे रचू नका.

११. क्यूबचा रिपोर्ट वाचताना

१५० मिमी क्यूबचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी. रिपोर्टमधला भार किलोन्यूटनमध्ये असतो, त्याला २२.५ ने भागा. ५६२.५ किलोन्यूटन म्हणजे बरोबर २५. ६४० म्हणजे २८.४. एका नमुन्यातल्या तिन्ही क्यूबमध्ये सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर क्यूब भरण्यात किंवा तपासण्यात चूक आहे.

सात दिवसांना ओपीसीचे काँक्रीट साधारण दोन-तृतीयांश ताकद दाखवते, पीपीसीचे त्याहून कमी असू शकते. तेवढ्यावरून घाबरू नका, पण एम २५ ला सात दिवसांनी १२-१३ च आले तर टेकू तसेच ठेवा, पाणी चालू ठेवा आणि इंजिनिअरला त्याच दिवशी कळवा.

अठ्ठावीस दिवसांचे आकडे कमी आले तर लगेच तोडफोड नाही आणि वरचा मजलाही नाही. आधी रिबाउंड हॅमरने (पृष्ठभागावर आपटून ताकदीचा अंदाज देणारे उपकरण) संशयास्पद भाग शोधा, मग त्या भागातून किमान तीन कोअर (यंत्राने कापलेले गोल नमुने) काढून घ्या. कोअरची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नसेल तर काँक्रीट मान्य धरतात. एम २५ ला हे आकडे २१.३ आणि १८.८. कोअर काढण्यापूर्वी सळई शोधणारे यंत्र फिरवा, बाल्कनीतून आणि बीममधून कोअर इंजिनिअरने जागा दाखवल्याशिवाय काढू नका आणि पडलेले भोक न आकसणाऱ्या ग्राउटने त्याच दिवशी भरून घ्या.